नऊ सामने, नऊ विजय आणि न आलेलं आमंत्रण

धुकेकर

माझ्या घराजवळ केझर नावाचं मैदान आहे, गोल्डन गेट पार्कच्या कोपऱ्यात. रोज सकाळी चार फेऱ्या मारतो, मग कॉफी. आत्ताचं मैदान आटोपशीर आहे. जुनं केझर मात्र एकोणसाठ हजार माणसं मावतील एवढं अवाढव्य होतं. ते १९८९ मध्ये पाडलं. समुद्रपक्षी तेवढे तेच राहिलेत. माणसं उठली की बाकांवरचं खाणं उचलायला टपलेले असतात.

त्याच मैदानावर १९५१ साली सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा (अमेरिकन) फुटबॉल संघ खेळला. विद्यापीठ जेझुइट पाद्र्यांचं, छोटंसं. संघाचं नाव डॉन्स. त्या हंगामात नऊ सामने झाले आणि नऊच्या नऊ त्यांनी जिंकले. पुढच्या जानेवारीत विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. मधल्या काही आठवड्यांत जे झालं त्यासाठी हा धागा.

आधी पार्श्वभूमी. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सरकारने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलला, १९४४ च्या कायद्याने. त्यामुळे कॉलेजात अचानक पंचवीस-पंचवीस वर्षांचे बाप्ये आले. जिनो मार्केटी हा त्यातलाच, युरोपात मशीनगन चालवून आलेला. अशा माणसाला प्रतिस्पर्धी संघाची काय भीती वाटणार? प्रशिक्षक जो कुहॅरिक तरीही त्यांना सोडत नसे. हंगामाआधीचा सराव त्याने कॉर्निंग नावाच्या गावी ठेवला होता. कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागातलं ऑलिव्हच्या बागांचं गाव, उन्हाळ्यात भट्टी. सॅन फ्रान्सिस्कोच्या गारव्यातून थेट तिथं.

संघाचा हिरा होता ऑली मॅटसन. टेक्सासमध्ये जन्मलेला, सॅन फ्रान्सिस्कोत शिकलेला, काळा. चेंडू घेऊन धावणं हे त्याचं मुख्य काम, पण बचावातही उतरायचा. आणि बचावफळीत बर्ल टोलर, हाही काळा, टेनेसीतल्या मेम्फिसचा. दोघं आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात एकत्र होते. तिथला १९४८ चा संघही अपराजित, बारापैकी बारा. म्हणजे या दोघांना हरायची सवयच नव्हती.

त्या काळी हंगाम संपला की चांगल्या संघांना नववर्षाच्या सुमारास ‘बाउल’ सामन्यांची आमंत्रणं येत. मायामीत ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लिन्सला शुगर बाउल, जॅक्सनव्हिलला गेटर बाउल, सगळी दक्षिणेतली शहरं. कुणाला बोलवायचं ते स्थानिक आयोजक ठरवत. त्यात मान होता आणि भरपूर पैसाही. डॉन्सना निरोप मिळाला तो असा: या, पण मॅटसन आणि टोलरला घरी ठेवून या. संघाने नाही म्हटलं. मतदान वगैरे काही झालं नाही. पुढे मुलाखतींत खेळाडू हेच सांगत राहिले, की मत घेण्यासारखं त्यात होतंच काय.

उरलेलं प्रतिसादांत लिहितो, बोटं गारठलीत.

रंकाळा_काठ

शीर्षक वाचून धावत आलो भावा, वाटलं आमच्या शाहू स्टेडियमवरचा पाटाकडील तालमीचा विषय निघाला. 😀 हा तर तुमचा अंड्यासारखा चेंडू हातात घेऊन पळायचा फुटबॉल! त्याला फूट कशाला म्हणतात देव जाणे. तरी वाचतोय. त्या मॅटसनचं जरा आकड्यांत सांगा.

धुकेकर

रंकाळाभाऊ, कोल्हापूरकरासमोर याला फुटबॉल म्हणायला मलाही कसंतरीच होतं, पण इलाज नाही.

आकडे: नऊ सामन्यांत १५६६ यार्ड धाव आणि २१ टचडाउन (चेंडू समोरच्या टोकापार नेणं). दोन्हींत देशात पहिला. मैदान शंभर यार्डांचं असतं आणि समोरून अकरा जण तुम्हाला आडवं करायला येत असतात. दर सामन्याला सरासरी १७४ यार्ड पडतात, म्हणजे रोज पावणेदोन मैदानं. न्यूयॉर्कला फोर्डम विद्यापीठाविरुद्ध त्याने किकऑफचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने लाथेने टोलवलेला, चेंडू झेलून थेट दुसऱ्या टोकाला नेला. एकदा नाही, त्याच सामन्यात दोनदा. सामना ३२-२६ असा जेमतेम सुटला. अख्ख्या हंगामात डॉन्स खऱ्या अर्थाने घाबरले असतील तर त्या दिवशी.

एवढं करून हाइसमन करंडकाच्या (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान) मतदानात तो नववा आला. करंडक प्रिन्स्टनच्या डिक काझमायरला मिळाला. काझमायर चांगलाच होता, पण नववा? मतं देणाऱ्या बहुतेक पत्रकारांनी मॅटसनला डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं, टीव्ही आजच्यासारखा नव्हता. एवढं एक कारण मी मान्य करतो.

खडूस_परीक्षक

लेख रंजक आहे, पण एकतर्फी वाटला. डॉन्सचं वेळापत्रक बघा. सॅन होजे स्टेटशी दोनदा खेळले. कॅम्प पेंडल्टन हा मरीन सैनिकांच्या तळाचा संघ, आणखी एक सान डिएगोच्या नौदल प्रशिक्षण केंद्राचा. कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड ही मोठी विद्यापीठं त्या वर्षी यादीतच नाहीत. अशा नऊ विजयांचं वजन किती? हंगामाअखेरच्या एपी (असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्था) क्रमवारीत ते चौदावे होते, पहिल्या पाचांत नव्हते. आमंत्रण न यायला हेही कारण असू शकतं, आणि त्या वेळी जाहीर बोललं गेलं तेही हेच. सत्तर वर्षांनंतर सगळ्याला एकच रंग फासणं सोपं असतं.

अटलांटाची_मावशी

परीक्षक, मुद्दा चुकीचा नाही, पण “जाहीर बोललं गेलं” यावर जाऊ नका हो. दक्षिणेतल्या आयोजकांनी “आम्हाला काळे खेळाडू नकोत” अशी पाटी लावायची गरजच नव्हती, तो तिथला रिवाज होता. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका रेडिओवाल्याने, या बाउल्सना काळे खेळाडू असलेले संघ नको आहेत, असं सांगूनही टाकलं होतं. म्हणजे ही नंतर रचलेली आठवण नाही.

आणि १९५१ चा ऑक्टोबर आठवा. २० तारखेला ओक्लाहोमात ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइटला, तोही काळा, चेंडू त्याच्याकडे नसताना ठोसा मारून त्याचा जबडा मोडला. डे मॉइन रजिस्टरच्या दोन छायाचित्रकारांनी एकामागोमाग एक फोटो टिपले, त्यांना पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. फोटो देशभर छापून आले, तरी मारणाऱ्यावर कारवाई झाली नाही. दोन्ही विद्यापीठं ज्या क्रीडासंघटनेत होती, ड्रेकने मग ती संघटनाच सोडली. हे ओक्लाहोमात. मायामी आणि न्यू ऑर्लिन्स तर अजून खाली.

माझ्या गावचंही सांगते. १९५६ च्या शुगर बाउलमध्ये पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रियर हा एक काळा खेळाडू होता. जॉर्जियाचे गव्हर्नर ग्रिफिन म्हणाले, जॉर्जिया टेकने त्याच्याविरुद्ध मैदानात उतरू नये. तर टेकची गोरी पोरं गव्हर्नरचा पुतळा जाळत त्यांच्या बंगल्यावर चालून गेली! वंशसमतेसाठी की बाउल हुकेल म्हणून, हा वेगळा धागा होईल. 😉 सामना झाला, ग्रियर खेळला. पण हे चार वर्षांनी.

खडूस_परीक्षक

मावशी, ब्राइटचं माहीत आहे आणि ते भयंकरच. मग याचं उत्तर द्या. डॉन्सनी कॉलेज ऑफ द पॅसिफिकला ४७-१४ असं धुतलं, आणि बाउलला गेलं कोण? पॅसिफिक! टेक्सासमधल्या एल पासोचा सन बाउल. त्या पॅसिफिकच्या संघात एडी मॅकन हा काळा खेळाडू होता. टेक्सासने काळा खेळाडू असलेला संघ चालवून घेतला तर रंग हेच कारण कसं?

धुकेकर

परीक्षक, हा प्रश्न मलाही बरेच दिवस छळत होता. धाग्यात तो आला हे बरं झालं.

सन बाउलची गोष्ट १९४८ पासून बघावी लागते. त्या मोसमात पेन्सिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजला तिथलं आमंत्रण होतं. डेव्हिड शोवेल हा त्यांचा काळा खेळाडू. त्याला खेळता येणार नाही असं कळल्यावर आमंत्रण नाकारलं गेलं. विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, राष्ट्राध्यक्ष ट्रूमनना तार केली. म्हणजे एल पासोचं दार तेव्हा बंद होतं आणि तीन वर्षांनी मॅकनसाठी उघडं. डॅलसचा कॉटन बाउल त्याहून आधी, १९४८ च्या जानेवारीत, पेन स्टेटच्या वॉली ट्रिपलेट आणि डेनिस होगार्डला घेऊन झाला होता, १३-१३ बरोबरी. “दक्षिण” ही एकच एक भिंत नव्हती. एकेका गावाचा, एकेका समितीचा वेगळा दरवाजा आणि त्याला वेगळा राखणदार. डॉन्स ज्यांच्याकडे डोळे लावून होते ते ऑरेंज, शुगर आणि गेटर. तिथले राखणदार १९५१ मध्ये जागचे हलले नव्हते.

वेळापत्रक हलकं होतं, ते मान्य. पण मग पॅसिफिकला तेहतीस गुणांनी हरवणारा संघ हलका आणि पॅसिफिक बाउलच्या लायकीचं, हे गणित कुणीतरी सोडवून दाखवा.

एक गंमत (की चेष्टा?): डॉन्सचा शेवटचा सामना लोयोला विद्यापीठाविरुद्ध पासाडेनाला झाला, रोझ बाउल या नामांकित बाउल सामन्याच्याच मैदानात. २०-२ ने जिंकले. बाउलमध्ये गेले म्हणायचं तर एवढेच गेले. 🙂

हिशेबनीस

बराच वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. रंगाची चर्चा योग्यच, पण जानेवारी १९५२ मध्ये फुटबॉल बंद झाला तो पैशाने, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकल्यात.

लहान कॅथलिक कॉलेजांसाठी युद्धानंतरची पाच-सहा वर्षं म्हणजे दिवा विझायच्या आधी मोठा झाला तसं. सरकारी खर्चाने आलेले सैनिक शिकून बाहेर पडले. कोरियाचं युद्ध सुरू झालं, नवी पोरं सक्तीच्या भरतीत जायला लागली. खेळाडूंची फी, राहणं, खाणं, फोर्डमशी खेळायला देश ओलांडून न्यूयॉर्कचा प्रवास, हे सगळं कॉलेजच्या माथी. आणि प्रेक्षक? त्याच केझरवर १९४६ पासून फोर्टीनाइनर्स हा व्यावसायिक संघ खेळत होता. एकाच मैदानावर शनिवारी कॉलेजची पोरं आणि रविवारी व्यावसायिक. खिशात एकाच तिकिटाचे पैसे असतील तर सॅन फ्रान्सिस्कोकर कुठं जाईल?

नुसती यादी बघा. सेंट मेरीजने डॉन्सच्या एक वर्ष आधी दुकान बंद केलं, जॉर्जटाउनने त्याच सुमारास. लोयोलाने डॉन्सबरोबर. सांता क्लारा १९५२ नंतर. फोर्डम, ज्याच्याशी तो ३२-२६ सामना झाला, १९५४ नंतर. आजारी सगळेच होते. डॉन्सला तेवढं औषध समोर दिसत होतं: एका मोठ्या बाउलचा वाटा आला असता तर तोटा भरून निघून आणखी एक-दोन वर्षं निघाली असती. तेही खात्रीने वाचले असते असं मी म्हणणार नाही.

चिंचेची_बोटुकं

म्हणजे त्यांनी “नाही” म्हटल्यावर फक्त एक सामना गेला नाही, अख्खा संघच गेला? धुकेकर, हे मूळ लेखात यायला हवं होतं. मी “तत्त्वासाठी एक सुट्टी सोडली” असं समजून वाचत होते.

आणि एक विचारू? सगळे प्रतिसाद संघाच्या त्यागावर चाललेत. त्या दोघांचं काय झालं? आपल्यामुळे पन्नास पोरांचा बाउल गेला हे मनात घेऊन फिरायचं म्हणजे काय, हे मला जास्त टोचतंय.

धुकेकर

बोटुकं, बरोबर पकडलंत. मी गोऱ्या पोरांच्या नकाराची गोष्ट सांगत बसलो आणि ज्यांना नाकारलं ते कडेला राहिले.

टोलरचं सांगतो, तो मला मॅटसनपेक्षा जवळचा वाटतो. क्लीव्हलंड ब्राउन्स या व्यावसायिक संघाने त्याला निवडलं होतं. १९५२ च्या उन्हाळ्यात शिकागोला कॉलेज खेळाडूंचा निवडक संघ विरुद्ध व्यावसायिक विजेते असा सामना असे. त्यात त्याचा गुडघा गेला. व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. शिक्षक झाला, पुढे सॅन फ्रान्सिस्कोत मुख्याध्यापक. शहराच्या माध्यमिक शाळांतला पहिला काळा मुख्याध्यापक. आणि १९६५ मध्ये एनएफएलने (व्यावसायिक फुटबॉलची लीग) त्याला पंच म्हणून घेतलं. त्या लीगमधला पहिला काळा पंच. १९८० च्या सुपर बाउलमध्येही (लीगचा अंतिम सामना) मैदानावर होता. आठवडाभर शाळेत आणि रविवारी पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात आडदांड माणसांची भांडणं सोडवायची. मला तर दोन्ही नोकऱ्या एकच वाटतात.

२००९ मध्ये तो गेला. २०१७ साली विद्यापीठाने एका वसतिगृहाला त्याचं नाव दिलं. आधीचं नाव होतं फीलन हॉल. जेम्स फीलन हा शहराचा जुना महापौर आणि नंतरचा सिनेटर. “कॅलिफोर्निया गोरं ठेवा” अशा घोषणेवर निवडणूक लढवलेला माणूस, रोख जपानी-चिनी लोकांवर. विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरली, मग ते नाव उतरलं.

रंकाळा_काठ

नाद खुळा! आणि मॅटसन?

धुकेकर

मॅटसनचं ऐकून तुम्ही उडालच, रंकाळाभाऊ. कार्डिनल्सनी (हाही व्यावसायिक संघ) नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पहिल्या फेरीत घेतलं, आणि कुहॅरिकही त्यांचाच प्रशिक्षक झाला. पण त्याआधी १९५२ च्या जुलैत मॅटसन हेलसिंकी ऑलिंपिकला गेला, धावायला. ४०० मीटरमध्ये कांस्य, ४ बाय ४०० रिलेत रौप्य. रिलेत जमैका अमेरिकेच्या जेमतेम दशांश सेकंद पुढे होती. आता हेलसिंकी १९५२ म्हटल्यावर तुम्हाला कोण आठवतं?

रंकाळा_काठ

आमचे खाशाबा!! गोळेश्वरचे खाशाबा जाधव! अरे देवा, म्हणजे त्याच जुलैत, त्याच गावात हा मॅटसन आणि आमचे खाशाबा दोघंही कांस्य घेऊन उभे होते?

खाशाबांनाही सुखासुखी कुणी पाठवलं नव्हतं. निवडीसाठी भांडावं लागलं, मग पैशासाठी दारोदार. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार दिले ही गोष्ट आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असते. परतल्यावर कराडात शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मॅटसनसाठी काढली का कुणी बैलगाडी?

खडूस_परीक्षक

रंकाळा, आता इथं रंग आणि गरिबी एकाच तराजूत घालू नका. पण जुलैचा योगायोग आवडला. आणि धुकेकर, तुमचं “एकेका समितीचा वेगळा दरवाजा” हे मला पटलं. मॅकनचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण त्यातून मी काढत होतो तो निष्कर्ष घेतो.

अटलांटाची_मावशी

परीक्षकांनी काहीतरी मागे घेतलं! धाग्याची नोंद करून ठेवते. 😀

हिशेबनीस

एक नाव कुणीच काढलं नाही म्हणून: पीट रोझेल. त्या डॉन्सचा प्रसिद्धीप्रमुख, पंचविशीतला पोरगा, वर्तमानपत्रांना टपालाने बातम्या पाठवत बसायचा. हाच पुढे लॉस एंजेलिस रॅम्सचा सरव्यवस्थापक झाला आणि १९५९ मध्ये त्याने कार्डिनल्सकडून मॅटसनला मिळवलं, नऊ जणांच्या बदल्यात! एका माणसासाठी जवळजवळ अख्खा संघ. पुढच्याच वर्षी तो एनएफएलचा आयुक्त झाला आणि १९८९ पर्यंत राहिला. टीव्हीच्या पैशावर ती लीग अवाढव्य केली ती त्यानेच. जो व्यावसायिक फुटबॉल केझरवर डॉन्सचे प्रेक्षक खेचत होता, त्याचाच सर्वेसर्वा डॉन्सचा जुना जाहिरातवाला.

चिंचेची_बोटुकं

बाकीचे कुठं गेले? एवढा भारी संघ एका रात्रीत विस्कटला म्हणजे...

धुकेकर

नऊ-दहा जण व्यावसायिक झाले. एका छोट्या कॉलेजच्या एका वर्षातून एवढे म्हणजे फारच. मॅटसन, मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर असे तिघं फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत, रोझेल धरला तर चौघं. क्वार्टरबॅक एड ब्राउन शिकागो बेअर्सकडे गेला. मार्केटी बाल्टिमोरला बचावातला दादा झाला, नंतर जिनोज नावाची हॅम्बर्गरची दुकानं काढून खेळापेक्षा त्यातच जास्त कमावलं.

सेंट क्लेअरवर मात्र वेगळा धागा काढावा लागेल. उंची सहा फूट नऊ इंच. मांस कच्चं खायचा, भाजायची भानगडच नाही. संघ बंद झाला तेव्हा त्याचं एक वर्ष शिल्लक होतं. ते खेळायला त्याला तुल्सा विद्यापीठात जावं लागलं, ओक्लाहोमात. मग परत आला तो फोर्टीनाइनर्सकडून केझरवरच खेळायला. शाळेतही तो केझरच्या शेजारच्याच पॉलिटेक्निक हायस्कूलचा. एकाच मैदानावर शाळा, कॉलेज आणि नोकरी. पुढे डेली सिटीचा महापौरही झाला. २००१ पासून केझरच्या हिरवळीला त्याचं नाव आहे, ज्याच्याभोवती मी फेऱ्या मारतो.

अटलांटाची_मावशी

विद्यापीठाने या सगळ्यांसाठी नंतर काही केलं का? वसतिगृहाचं सांगितलंत, ते सोडून.

धुकेकर

२००६ मध्ये हयात खेळाडूंना मानद डॉक्टरेट दिली. पंचावन्न वर्षांनी. फुटबॉल मधे लहान पातळीवर पुन्हा सुरू केला होता, तोही टिकला नाही. पण मावशी, त्याच विद्यापीठात चार वर्षांत काय झालं माहीत आहे? बास्केटबॉल. बिल रसेल आणि के. सी. जोन्स. १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं, सलग साठ सामने अपराजित, आणि सुरुवातीच्या पाचांत तीन काळे खेळाडू. तिथं आमंत्रणाचा प्रश्न नव्हता, जिंकत गेलं की पुढची फेरी आपोआप येई.

रंकाळा_काठ

धुकेकर, पुढच्या महिन्यात माझा भाचा तिकडं येतोय शिकायला. त्याला सांगतो तुमच्याबरोबर त्या मैदानावर चार फेऱ्या मारायला. येताना काय पाठवू? तांबडा-पांढरा काही विमानातून यायचा नाही.

धुकेकर

कांदा-लसूण मसाला पाठवा. आणि भाच्याला सांगा, सकाळी सातला स्वेटर घालून यायचं. ऑगस्टमध्येसुद्धा.